व्यवहारातील अहिंसा : झाडावर चढणाऱ्याची दोरी

वैशाख सरत आला की चांदूर रेल्वेतील जुन्या घरांच्या परसांत आणि गोदामांच्या आवारांत उभ्या असलेल्या झाडांकडे आपले लक्ष जाते. कडुनिंबाची फांदी पत्र्यावर टेकलेली असते, चिंचेचा वाळका फाटा विजेच्या तारेकडे झुकलेला असतो, आणि मृगाच्या वाऱ्यात तो कोसळेल ही धास्ती मनात असते. मग निरोप जातो. खांद्यावर कुऱ्हाड आणि नायलॉनची दोरी टाकून एक मनुष्य दारात उभा राहतो. तो कोणाच्या नोकरीत नसतो. फाल्गुन-चैत्रात तो चिंचा झोडतो, उन्हाळ्याअखेर फांद्या छाटतो आणि कामागणिक मजुरी घेतो. सौदा उक्ता ठरतो. "तुझ्यासारखा चढणारा तालुक्यात नाही," असे आपण कौतुकाने म्हणतो. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे हा वाक्प्रचार आपण हसत वापरतो. येथे झाड मात्र चाळीस फुटांचे असते, आणि त्याच्या कमरेला काय बांधले आहे हे पाहण्याची आपल्याला सवय नसते.

आपल्या मंदिरांच्या भिंतींवर लेश्यावृक्षाचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. भुकेले सहा प्रवासी, फळांनी लदलेला एक वृक्ष. एकाला फळांसाठी झाड मुळापासून तोडायचे आहे, कोणाला मोठी फांदी पुरते, कोणाला डहाळी, कोणाला केवळ पिकलेली फळे, आणि सहावा खाली पडलेली फळे वेचून तृप्त होतो. कृष्णापासून शुक्लापर्यंतच्या सहा लेश्या लहान मुलालाही कळाव्यात इतकी ही कथा सोपी आहे. तिच्यात वृक्षाला होणाऱ्या पीडेचे माप आहे. आजच्या गृहस्थाने त्याला आणखी एक माप जोडावे: आपल्या गरजेसाठी जो मनुष्य त्या वृक्षावर चढतो, त्याच्या जिवाचे.

हे माप शास्त्राबाहेरचे नाही. कर्माचा विचार करताना आपली परंपरा कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार मानते. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केलेले मान्य केलेले, या तिन्हींचा भार जीवावर येतो. "मी कुठे चढलो? त्याने काम घेतले, जोखीम त्याची," हा युक्तिवाद व्यवहारात चालत असेल, कारिताच्या कसोटीवर तो टिकत नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण गणले आहे. बैलाच्या पाठीवर शक्तीपेक्षा अधिक ओझे लादणे हा त्याचा परिचित अर्थ. साधनाशिवाय मनुष्याला उंचीवर पाठवणे हेही लादलेले ओझेच होय. ते दिसत नाही, एवढाच फरक.

दोरीच्या आधाराने उंच चढण्याची कला आपल्या तालुक्याला नवी नाही. सावंगा विठोबा येथे गुढीपाडव्याच्या यात्रेत कापराच्या धुरात सुमारे ७२ फूट उंचीच्या झेंड्यांना नवी खोळ चढविली जाते. चढणारा भक्त दोरखंडाच्या आधाराने वर जातो आणि झेंड्याला पाय लागू देत नाही. ज्याच्या आधाराने वर जायचे त्याला इजा किंवा अवमान होऊ द्यायचा नाही, ही मर्यादा त्या सोहळ्यात पाळली जाते. वृक्षावर चढण्याची जी सुधारलेली पद्धत आज जगभर रूढ आहे, तिचेही तत्त्व याच्या जवळचे आहे. बुटांना लोखंडी काटे लावून खोडात रुतवीत चढण्यास तिच्यात जिवंत झाडावर मनाई आहे, कारण प्रत्येक काटा सालीखालचा वाढता थर फोडतो आणि त्या जखमेतून कीड व बुरशी आत शिरते. काटे केवळ तोडावयाच्या झाडासाठी. छाटणीसाठी बारीक दोरीला वजनाची लहान पिशवी बांधून ती बळकट फांदीवरून टाकतात, तिच्यामागून मुख्य दोर ओढून घेतात आणि त्या दोरावर चढतात. फांदीची साल घासू नये म्हणून दोराखाली वेगळे आवरण घालतात.

केरळात नारळ विकास मंडळाने २०११ साली तरुणांना नारळावर चढण्याचे यंत्र वापरण्याचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला आणि त्याला अपघात विम्याची जोड दिली. ते यंत्र मात्र सरळ, बिनफांद्यांच्या खोडासाठी आहे. आपल्या चिंचेला, निंबाला आणि वडाला ते उपयोगी नाही. वऱ्हाडात दोर हेच खरे साधन, आणि म्हणून दोराची पारख हवी.

पारख हा तर आपला पिढीजात धंदा. कापसाचा धागा बोटांत ओढून प्रत सांगणाऱ्या घरांना हे अवघड जाऊ नये. विहिरीचा किंवा ट्रकवरील मालाचा दोर हा माणसाचा दोर नव्हे. चढण्याच्या दोराला आत भार पेलणारा गाभा आणि बाहेर विणलेले आवरण असते. जाडी साधारण ११ ते १३ मिलिमीटर असते. कमी ताणल्या जाणाऱ्या अशा दोरांसाठी ईएन १८९१ हे युरोपीय मानक आहे. गिर्यारोहकांचा लवचिक दोर पडणाऱ्याला झेलण्यासाठी असतो. त्यावर बसून काम केल्यास मनुष्य वरखाली झुलत राहतो.

दुसरी वस्तू हार्नेस, म्हणजे अंगात घालण्याचे पट्टे. केवळ कमरेचा पट्टा घेऊ नये. पडल्यास सारा झटका पोटावर आणि कण्यावर येतो. बांधकामावरील हार्नेस आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा मिळतो. त्याची मुख्य कडी पाठीवर असते, कारण पडल्यावर झेलणे हे त्याचे काम. झाडावरील कामाचा हार्नेस निराळा असतो. त्याला मांड्यांचे रुंद पट्टे असतात आणि कड्या पुढे व कमरेच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे दोर वरून सतत ताणलेला ठेवून त्यात बसता येते. पडू न देणे हा त्याचा हेतू. हे पट्टे पॉलिस्टर किंवा नायलॉनचे विणलेले असतात. चामड्याचा प्रश्न येत नाही.

कॅराबिनर ही जोडकडी आपोआप उघडणार नाही, अशा कुलपाची असावी. तिच्यावर किलोन्यूटनमध्ये क्षमता कोरलेली असते. एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे शंभर किलोचा भार. ज्या कडीवर काहीच कोरलेले नाही, ती किल्ल्या अडकवण्यासाठी ठेवावी. शिरस्त्राणाला हनुवटीचा पट्टा हवा. आणि मुख्य दोराशिवाय एक आखूड दोर हवाच, कारण करवत हातात असताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला असावा, हा या कामाचा पहिला नियम आहे. करवतीने एक दोर कापला तरी दुसरा त्याला धरून ठेवतो. कुऱ्हाडीपेक्षा म्यानातील वाकडी हातकरवत बरी. यंत्राची करवत एका हाताने चालवू नये.

सामान कितीही उत्तम असले तरी ते कशाला बांधले आहे, यावर सारे अवलंबून असते. शेवगा आणि जांभूळ यांच्या फांद्या ठिसूळ असतात, गुलमोहराचे लाकूडही भरवशाचे नाही. वाळलेल्या फांदीला दोर कधीच बांधू नये. आणि खाली दुसरा जाणता मनुष्य हवाच. वर कोणी बेशुद्ध होऊन पट्ट्यात लटकला तर पायांत रक्त साकळते. त्याला त्वरेने खाली घेणारा नसेल, तर हार्नेस असूनही प्राण जाऊ शकतो.

आता बहीविषयी. दोर उन्हाने, आम्लाने आणि घर्षणाने झिजतो. वऱ्हाडचे ऊन तर प्रसिद्धच आहे. बॅटरीच्या आम्लाचा थेंब पडलेला दोर डोळ्यांना धड दिसतो आणि भाराखाली तुटतो. म्हणून प्रत्येक दोराची आणि हार्नेसची नोंद ठेवावी: केव्हा घेतला, किती वेळा वापरला, कधी झटका बसला, कोणी तपासला. मोठा झटका सोसलेले सामान बाद करावे. विणलेल्या सामानाला अनेक उत्पादक अधिकात अधिक दहा वर्षांचे आयुष्य देतात, तेही वापर नसताना. ज्याचा इतिहास ठाऊक नाही असा जुना दोर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. खातेवही नीट ठेवणाऱ्या समाजाला ही शिस्त शिकवावी लागत नाही. ती केवळ दुसऱ्याच्या जिवासाठी वापरायची आहे.

सौदाही सुधारता येतो. उक्त्या कामात घाई शिरते, कारण वाचलेला प्रत्येक तास मजुराचा होतो. रोजाने काम द्यावे आणि बांधण्या-तपासण्याचा वेळ मजुरीत धरावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षांच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण मिळते. हे वीस रुपये कोणी भरावेत, यावर घासाघीस करण्यात शोभा नाही. तारांजवळची फांदी असेल तर महावितरणकडून वीज बंद करून घेतल्यावाचून कोणालाही वर पाठवू नये. संपूर्ण झाड तोडायचे असल्यास नगरपरिषद क्षेत्रात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे.

काळही निवडावा. कावळ्यांची घरटी उन्हाळ्यात असतात, बगळ्यांच्या वसाहती पावसाळ्यात चिंचेवर आणि वडावर भरतात. पावसाळ्याआधी केवळ धोक्याची फांदी काढावी आणि उरलेली छाटणी हिवाळ्यावर ठेवावी. आग्या मोहोळ असेल तर त्या झाडावर चढूच नये. ते जाळणे हिंसा, आणि दोरावर बांधलेल्या माणसाला माशांपुढून पळताही येत नाही. येथे पाखराचे, मधमाशीचे आणि माणसाचे हित एकाच निर्णयात सामावते.

चांदूर रेल्वे, धामणगाव, बडनेरा येथील आपल्या मंडळांनी यंदा एवढे करावे. प्रत्येक गावी झाडावर चढून पोट भरणारे दोन-चार जण असतात. त्यांच्यापैकी जे शिकण्यास तयार आहेत, त्यांना जाणकाराकडून शिकवणी आणि प्रत्येकी एक पूर्ण संच बिनव्याजी उसनवारीने द्यावा. फेड हंगामातील मजुरीतून व्हावी. संच त्याच्या नावाचा आणि बही त्याच्या हातची असावी. दानाची पाटी लावण्याचे कारण नाही. आपल्या अंगणातील फांदी उतरली आणि तिच्यासाठी चढलेला मनुष्य संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेला, एवढी जमा त्या दिवसाच्या खात्यावर पुरे.

जय जिनेन्द्र.