सातबारा नसलेली भाषा

३ ऑक्टोबर २०२४ ला दिल्लीनं मराठीवर अभिजात म्हणून शिक्का मारला. हार झाले, भाषणं झाली. त्याच दिवशी, त्याच यादीत पालीही होती. बुद्धाच्या धम्माची भाषा. एकाही भाषणात तिचं नाव मला ऐकू आलं नाही.

भाषा मोठी होते म्हणजे काय होतं? गोडव्यानं होते? जुनेपणानं? साफ खोटं. बोलणाऱ्याच्या पायाखाली जमीन लागते, हातात कचेरी लागते, छापखाना लागतो. इंग्रजी काय शेक्सपिअरच्या नाटकांवर स्वार होऊन आली? गलबतं, तोफा आणि महसूल घेऊन आली. पाली इथं बुडाली ती व्याकरण कच्चं होतं म्हणून नव्हे. विहार गेले, दान देणारे गेले, भिक्खू गेले. श्रीलंकेत विहार टिकले, तिथं पाली टिकली.

२०११ ची जनगणना उघडा. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. भिली सांगणारे एक कोटीच्या वर. घटनेच्या आठव्या अनुसूचीत संस्कृत पहिल्या दिवसापासून बसलीय, भिली अजून दाराबाहेर. बोडो २००३ ला आत शिरली, तिच्यामागं रस्त्यावर उतरलेली माणसं होती.

आपली 'शुद्ध' मराठी तरी कुठून आली? कंपनीच्या फौजेतला अधिकारी मोल्सवर्थ. त्याचा कोश १८३१ ला निघाला. शब्द गोळा करायला, पारखायला बसवले शास्त्री. मग जोतीराव कुणब्या-माळ्यांच्या तोंडची भाषा लिहायला लागले, तर चिपळूणकर त्यांचं व्याकरण तपासत बसले. गुलामगिरी राहिली बाजूला, ऱ्हस्व-दीर्घ मोजा!

मी रोह्याकडचा. आमच्या तोंडात पाण्याचं पानी, शाळेची शाला. त्या एका 'ण'पायी मी हातावर पट्ट्या खाल्ल्यात. पण मी निदान वर्गात तरी होतो. कातकऱ्याचं पोर कुठं असतं? दिवाळी सरली की आईबाप उचल घेऊन वीटभट्टीवर, पोर त्यांच्यामागं. पावसाच्या तोंडाला परत. कधीमधी शाळेत आलंच तर पुस्तकातली भाषा त्याच्या घरची नाही. गुरुजी म्हणतात, मंद आहे. मंद नाही हो, तुमच्या भाषेत ते मुकं झालंय.

आणि भट्टीवर? विटा पाडणारे कातकरी, पण हिशेबाची वही मराठीत. वही शेठची, अंगठा कातकऱ्याचा. किती उचल घेतली, किती फिटली, पुढच्या साली किती राहिली, हे त्या वहीत काय लिहिलंय ते अंगठेवाल्याला कळत नाही. भाषेचं मोठेपण बघायचं तर तिथं बघा, संमेलनाच्या मांडवात नको.

पेण-रोह्यातल्या कितीतरी कातकरवाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. घर मालकाच्या मर्जीवर, मग जीभ कशी मोकळी राहणार? (याच पेण तालुक्यात, गागोद्याला, विनोबा जन्मले. पुढं भूदान मागत देशभर पायी फिरले. असो.)

आता आपलं बोलू. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिली नाही, फारसी घ्यावी लागली. पुढं त्यांनी इंग्रजी हत्यारासारखी चालवली, आणि आपल्या माणसांशी बोलायला १९२० ला मराठीत पत्र काढलं. नाव ठेवलं 'मूकनायक'. आणि आपण काय करतो? एसटी स्टँडवर कातकऱ्याची नक्कल करून खिदळतो. सवर्णांचं सोडा, आपली पोरं! ज्यांच्या बापाच्या बोलीला कालपर्यंत लोक हसत होते, ती पोरं!

वाडीची जमीन वाडीच्या नावावर करा आणि पहिलीच्या वर्गाला कातकरी बोलणारी बाई द्या, या दोन मागण्या एकाच अर्जात घालायच्या. अर्ज मराठीतच लिहावा लागेल, साहेबाला दुसरं वाचता येत नाही. लिहायला चार जण पाहिजेत. येत्या रविवारी चला, आणि जाताना भट्टीवर थांबून ती वही मागून घ्या, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला.