भाताविना ताट?

तंजावूरच्या सरफोजीराजे दुसरे (राज्यकाळ १७९८-१८३२) यांनी औषधांसाठी धन्वंतरी महाल उभारला, तर त्यांच्या मुदपाकखान्यातील पाककृती ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या मराठी ग्रंथात आहेत. औषध आणि अन्न, दोन्हींची कदर एकाच राजाने केली.

आज त्याच राजवाड्याच्या परिसरात, कावेरीच्या भातखोऱ्यात, मधुमेह झालेल्या आजोबांना ‘भात सोडा’ म्हणणे सोपे नाही. ‘कीटो’ आहार मात्र जवळजवळ तेच सांगतो. पिष्टमय पदार्थ दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवले, की यकृत चरबीपासून ‘कीटोन’ बनवते व शरीर त्यांवर चालते. मोठ्या वाटीभर भातातच चाळीसेक ग्रॅम संपतात!

१९२१ साली अमेरिकेतील डॉ. रसेल वाइल्डर यांनी हा आहार अपस्मारासाठी सुचवला. औषधांना न जुमानणाऱ्या मुलांच्या झटक्यांवर तो आजही वैद्यकीय देखरेखीखाली देतात. टाइप २ मधुमेहात काही महिन्यांत वजन व साखर उतरू शकते. पण तो फार काळ पाळणे कठीण जाते आणि काहींचे वाईट कोलेस्टेरॉल वाढते.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना एकाएकी भात बंद केला, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. गर्भवती आणि मूत्रपिंडाचे वा यकृताचे रुग्ण यांनी हा प्रयोग आपल्या मनाने करूच नये.

तेव्हा आजोबांच्या पानातला भात काढण्याआधी त्यांच्या औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा. तोवर भाताचा एक डाव कमी आणि भाजीचा एक जास्त, एवढे तरी आजपासून जमेल ना?