दारावरचा डोळा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. झोतभट्टी एकदा पेटली की ती रात्र पाहत नाही, सण पाहत नाही. माणसांनाच पाळ्या लावून घ्याव्या लागतात. त्यामुळे विदर्भातून येथे येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही एक प्रसंग चांगला परिचयाचा आहे. घरातील कर्ता माणूस रात्रपाळीला गेला आहे, मुले झोपली आहेत आणि दारावरची घंटा वाजते. ‘कोण आहे?’ असे आतून विचारायचे आणि येणाऱ्या उत्तरावर विश्वास ठेवायचा की नाही, हे बंद दाराआड उभे राहून ठरवायचे.

दूर न्यूयॉर्कमध्ये मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेची अडचण हीच होती. पतिपत्नींच्या कामाच्या वेळा अनियमित. त्यामुळे रात्री घरात एकटे राहणे तिच्या वाट्याला वारंवार येई. दारातील लहानमोठ्या उंचीवरच्या छिद्रांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत चित्र दाखवणारा पडदा, बाहेरच्याशी बोलण्याची सोय आणि दुरून दार उघडणारी कळ अशी योजना तिने पतीच्या साहाय्याने आखली. १९६६ मध्ये अर्ज केला व १९६९ मध्ये तिला पेटंट मिळाले. आज बाजारात मिळणारी व्हिडिओ डोअरबेल ही त्याच कल्पनेची वंशज आहे. पडद्याची जागा मोबाइलने घेतली, एवढेच.

या घंटांचे दोन प्रकार आहेत. बॅटरीवर चालणारी घंटा वीज वाचवण्यासाठी बहुतेक वेळ निद्रिस्त असते. समोर हालचाल झाली की जागी होते आणि तेवढ्यात पहिले काही क्षण हातचे जातात. तारेने जोडलेल्या घंटेला अखंड वीज मिळते. म्हणून ती सतत पाहू शकते, आणि काही घंटा तर हालचाल सुरू होण्याच्या आधीचे क्षणही जपून ठेवतात. अंधारात दिसावे म्हणून तिच्यात अवरक्त किरणांचे दिवे असतात. मात्र वीज गेली की घंटा आणि इंटरनेट दोन्ही गप्प होतात. खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी. अशा अनेक घंटा अमेरिकी पद्धतीच्या १६ ते २४ व्होल्टच्या जोडणीसाठी बनवलेल्या असतात. आपल्याकडील साधी घंटा थेट २३० व्होल्टवर चालते. जुन्या बटणाच्या तारा तशाच नव्या यंत्राला जोडल्या तर यंत्र जळेल आणि जोडणाऱ्याच्या जिवालाही धोका होईल. मध्ये योग्य ट्रान्सफॉर्मर हवा आणि काम जाणकार वायरमनकडूनच व्हावे.

ज्या घरी वृद्ध आईवडील एकटे आहेत, तेथे ही वस्तू चैन म्हणता येणार नाही. पुण्यात नोकरी करणारा मुलगा भिलाईच्या दारात उभ्या असलेल्या माणसाशी बोलू शकतो आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या आईला उठावे लागत नाही. (आई घराबाहेर कधी गेली आणि कधी परतली, हेही त्याला दिसते. तिला ते आवडते का, हे सहसा कोणी विचारत नाही.)

तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. साधी घंटा पाहुण्याच्या हाती असे. त्याने बटण दाबेपर्यंत ती मुकी राही. ही नवी घंटा बटण न दाबणाऱ्यालाही टिपते. ज्या इमारतीत दोन बिऱ्हाडांची दारे एकाच जिन्यावर समोरासमोर उघडतात, तेथे तिच्या रुंद नजरेत समोरचे दार आपोआप येते. समोरच्यांकडे कोण आले, उधारी मागायला कोण उभे राहिले, मुलगी किती वाजता परतली, हे सारे साठत जाते. धुणेभांडी करणाऱ्या बाईंचे येणेजाणेही साठते. त्यांची परवानगी कोणी घेतलेली नसते. चित्राहून आवाज अधिक बोचरा. इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या न्यायालयाने २०२१ मध्ये शेजाऱ्यांच्या अशाच वादात, दूरवरचे बोलणे टिपणारी ध्वनिनोंद विशेष आक्षेपार्ह ठरवली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. परंतु २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या नोंदींना लागू होत नाही. तेव्हा हा प्रश्न बहुधा जिन्यावरच सोडवावा लागतो, आणि तो सोडवण्याची जबाबदारी घंटा लावणाऱ्याची आहे. ज्याचे दार दिसते त्याने तक्रार घेऊन यावे, ही अपेक्षा न्याय्य नाही. भिंतीला भोक पाडण्यापूर्वी समोरच्या काकूंना बोलावून मोबाइलवर चित्र दाखवावे. त्यांचे दार दिसत असेल तर चित्राचा तेवढा भाग झाकण्याची सोय अनेक घंटांत असते, ध्वनिनोंदही बंद ठेवता येते. एवढ्याने भागले नाही तर घंटेखाली बसवायची तिरपी पाचर मिळते. तिने यंत्राचे तोंड आपल्याच पायपुसण्याकडे वळवता येते.