वीस पोरांचा हिशोब

पोरं नाहीत म्हणून शाळा बंद करावी लागते, असं सरकार म्हणते. मी म्हणतो, शाळा जाणार अशी नुसती हूल उठली तरी पोरंवाली घरं गाव सोडतात.

२०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण खात्यानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायचे प्रस्ताव मागवले. तोरणमाळचा आन् पानशेतचा दाखला दिला. चांगल्या असतील त्या शाळा. पण आमच्या काटोल-नरखेडच्या पट्ट्यात मधात नाला असते, आन् पावसाळ्यात नाला कोणाचं परिपत्रक वाचत नाही. पहिली ते पाचवीची शाळा एका किलोमीटरच्या आत पाहिजे, हे सरकारच्याच कायद्यात आहे.

२०११ च्या खानेसुमारीत नागपूर जिल्ह्यात साडेसेहेचाळीस लाख माणूस भरला. तिनातले दोन वाटे शहरात. त्याच्यानंतर २०२१ ची गणना झालीच नाही. गावात माणसं किती राहिली हे कोणी मोजलं नाही, शाळेत पोरं किती हे मात्र बरोब्बर मोजलं!

तेही कधी मोजते? पट धरते ३० सप्टेंबरचा. तेव्हा आमचा कापूस बोंडात असते. वेचणी लागली की छिंदवाडा, सिवनीकडून मजूर येतात, अख्खी बिऱ्हाडं घेऊन. धुऱ्यावर पाल ठोकतात. मायबाप पराटीत आन् सात-आठ वर्षांची पोरगी झोळीतलं लेकरू हालवत बसते. ती कोणत्या पटावर आहे? जी पोरं गावात हायेत ती कागदावर नाहीत, म्हणून कागद म्हणते गावात पोरंच नाहीत.

कोणी म्हणेल, गावात काम आहे तर तुमचे पोट्टे काहून जातात? वेचणी, संत्रातोडणी हे दोन-चार महिन्यांचं काम. बुटीबोरीच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली का होईना, बारा महिने पगार भेटते. आन् शेतीवाल्या पोराला आता पोरगी देते कोण? पण जे नेटानं राहिले त्यांना तरी राहू द्या. आमच्या सोयऱ्यांतली एक सून मला म्हणाली, "मामाजी, घरकुल भेटलं, पण पोराले टाकू कुठं?" एक लाख वीस हजाराच्या त्या घरकुलाला आज कुलूप आहे. ती तालुक्याच्या गावी एका खोलीचं भाडं भरते आन् नवरा रोज मोटारसायकलनं वावरात येते. एका हातानं घर दिलं, दुसऱ्या हातानं शाळा काढली. घरकुलाच्या यादीत मात्र ते 'पूर्ण'.

चार पोरांच्या वर्गात शिकणं रंगत नाही, हे खरं आहे. मास्तरही एकटा पडते, खिचडीचा हिशोब लिहिता लिहिता त्याचा दिवस जाते. मग दोन-तीन गावांत मिळून मास्तर फिरवा ना! गणिताचा आज इथं, उद्या तिथं. सहा वर्षांचं पोट्टं काहून फिरवता? परवडत नाही म्हणतात. याच जिल्ह्यात शिवमडक्यापासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग निघाला, तो परवडला.

पट एकदा जानेवारीत मोजा. शाळेत नका येऊ, सरळ धुऱ्यावर या. मी संगं चालतो.