गाडो-गाडो मागवा, पण विचारून!

बंगळूरला इडली-डोशाच्या जोडीला आता आग्नेय आशियाचे पदार्थही मिळतात. त्यांत इंडोनेशियाचे जेवण आपल्याला चटकन जवळचे वाटते. भात, नारळ, चिंच, मिरची आणि शेंगदाणे ही तिथलीही रोजची सामग्री. गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्या, टोफू आणि वर शेंगदाण्याची दाट, आंबटगोड चटणी. टेंपे हा मूळचा जावा बेटावरचा पदार्थ. शिजवलेल्या सोयाबीनला एका खास बुरशीचे विरजण लावून एक-दोन दिवस ठेवले की त्याची घट्ट वडी होते. तळल्यावर ती खमंग लागते. १०० ग्रॅम टेंपेमध्ये सुमारे १९ ग्रॅम प्रथिने असतात.

मात्र, 'भाज्यांचेच आहे ना?' एवढे विचारून भागत नाही. सांबाल या तिखट चटणीत बऱ्याचदा 'तेरासी' असते. जवळ्यासारखी बारीक कोळंबी आंबवून ती करतात. वाटणात मिसळल्यावर ती दिसत नाही. शेंगदाण्याच्या चटणीतही ती असू शकते. पापडासारखा दिसणारा कृपुक अनेकदा कोळंबीचाच असतो. नासी गोरेंग या परतलेल्या भातावर अंडे असते. गाडो-गाडोतही ते घालतात.

म्हणून मागवण्यापूर्वीच तीन गोष्टी विचाराव्यात: तेरासी घातली आहे का, कृपुक कशाचा आहे आणि अंडे वगळता येईल का? वेटरला ठाऊक नसेल, तर त्याला आचाऱ्याकडून विचारून यायला सांगावे. यात संकोच कसला? घरातल्या आजींनाही निर्धास्तपणे जेवता आले, तरच बाहेर जेवण्याची मजा!