न्यायासनाची वाट कोणाला मोकळी?

न्यायाधीश लोकांनी निवडून द्यावेत, असा आग्रह अधूनमधून धरला जातो. मेक्सिकोने १ जून २०२५ रोजी तो प्रयोग केला. मतदान जेमतेम १३ टक्के झाले. अमेरिकेतील अनेक राज्यांत न्यायाधीश निवडणूक लढवितात, प्रचारासाठी देणग्या घेतात. उद्या देणगीदारच पक्षकार म्हणून समोर उभा राहिला, तर?

आपल्या संविधानाने हा मार्ग नाकारला, हे योग्यच झाले. अनुच्छेद २३४ अन्वये लोकसेवा आयोग व उच्च न्यायालय यांच्या सल्ल्याने राज्यपाल कनिष्ठ न्यायाधीश नेमतात; त्यांच्या बढती-बदलीवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते.

परंतु मतपेटी टाळली म्हणून पैशाची सत्ता टळत नाही. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची, २००२ साली रद्द झालेली अट पुन्हा घातली. न्यायाधीशाला अनुभव हवा, हे मान्य. पण खरवईच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या कामगाराच्या मुलीने ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली, तुटपुंज्या मिळकतीवर, ही तीन वर्षे कशी काढावीत? घरभाडे आणि लोकलचा पास कोणी भरावा? गरिबाचा खटला प्रथम ज्या न्यायासनापुढे उभा राहतो, ते न्यायासन सुखवस्तूंच्या मुलांपुरते उरता कामा नये.

अट राहो; पण त्या तीन वर्षांसाठी गरजू वकिलांना शासनाने पुरेसे विद्यावेतन दिलेच पाहिजे. ही मागणी कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीतून लावून धरावी.