नळी ती नळी?

गेल्या महिन्यात एका जवळच्या मित्राशी माझं कडाक्याचं भांडण झालं. कारण ऐकाल तर हसाल. चार इंचांचा रबरी नळीचा तुकडा! भांडण मिटलं, पण विषय डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहून मोकळा होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. मेरीलँडमध्ये अ‍ॅनापोलिसजवळ चेसापीकच्या उपसागरात माझी एक जुनी शिडाची बोट आहे. 30 फुटांची, 1984 सालची. वारा पडला तर घरी परतता यावं म्हणून तिच्या पोटात छोटं डिझेल इंजिन आहे. इंजिनाकडून येणारा इंचभर जाडीचा शाफ्ट बोटीच्या बुडातल्या भोकातून बाहेर जातो आणि पाण्यातला पंखा फिरवतो. आता गंमत अशी, की फिरता दांडा बाहेर गेला पाहिजे पण पाणी आत येता कामा नये. यासाठी असते ग्लँड. म्हणजे एक धातूची डबी, तिच्यात शाफ्टभोवती बसवलेली मेणचट दोरी, आणि ती दोरी दाबून ठेवणारा नट. इंजिन चालू असताना हिच्यातून अधूनमधून एखादा थेंब पडायलाच हवा, त्यानेच दोरी थंड राहते.

आणि ही ग्लँड बोटीला जोडलेली असते एका रबरी नळीने. नळीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन क्लँप. बस्स. बोटीच्या बुडातल्या बाकीच्या भोकांना तोटी असते, वेळ आली तर बंद करता येते. या भोकाला तोटी नाही.

मी कागदावर हिशोब मांडून पाहिला. शाफ्टभोवतीचं नळकांडं आतून दीड इंचाचं आणि पाण्याखाली अर्धा मीटर धरलं, तर नळी फाटल्यावर मिनिटाला 70 लिटरच्या आसपास पाणी आत येईल. माझ्या बोटीतला पाणी उपसायचा पंप, खोक्यावर लिहिलंय ते खरं मानलं तरी, मिनिटाला 30 लिटर उपसतो. पुढचं गणित तुमचं तुम्ही करा.

तर या हिवाळ्याआधी बोट बाहेर काढली तेव्हा ही नळी बदलायची ठरवली. मदतीला मित्र आला. त्याने बोटीच्या कप्प्यातून एक्झॉस्टच्या नळीचा उरलेला तुकडा शोधून काढला. आत पोलादी तारेचं वेटोळं, वर दमदार काळं रबर. म्हणाला, "अरे, ही बघ. तार आहे आत, हत्ती उभा केलास तरी दबणार नाही. मापही तेच. उगाच पैसे कशाला घालतोस? नळी ती नळी!"

माझा आक्षेप नेमका या वाक्याला आहे.

एक्झॉस्टच्या नळीत तार असते ती वळणावर नळी चिमटू नये म्हणून. त्या कामासाठी ती उत्तमच. पण इथे वळण नाहीच, इथे क्लँपखाली नळी चहूबाजूंनी सारखी आवळली गेली पाहिजे, आणि तार नेमकी तेच होऊ देत नाही. शिवाय नळी कापली की तारेचं टोक उघडं पडतं. खारं पाणी तारेच्या कडेकडेने रबराच्या थरांमध्ये शिरतं आणि तार आतल्या आत गंजते. वरून नळी ठणठणीत!

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. आधीच्या मालकाने नेमकी हीच करामत करून ठेवली होती. जुनी नळी मी ब्लेडने उभी चिरली तेव्हा तारेच्या जागी तपकिरी भुकटी निघाली. ती मित्राला दाखवली तर म्हणतो, "पण टिकली ना इतकी वर्षं?" आता काय बोलणार? टिकलेल्या बोटींचे मालक मरीनात बसून सल्ले देतात. बुडालेल्या बोटी मत द्यायला येत नाहीत.

शेजारच्या बोटीवरच्या आजोबांचा सल्ला याहून स्वस्त होता: गाडीच्या रेडिएटरची नळी. पण तिची भिंत पातळ. ग्लँडचा नट जरा जास्त आवळला गेला की फिरता शाफ्ट डबीलाही आपल्याबरोबर फिरवू बघतो, आणि तिला धरून ठेवायला या नळीशिवाय कोणी नसतं. पातळ नळी तिथे पिळवटते. तिसरा पर्याय निळ्याशार सिलिकॉनचा. दिसायला देखणा, उष्णता सोसण्यात पटाईत. पण इथे उष्णता आहेच कुठे? ग्लँड हाताला चटका देत असेल तर दोष दुसरीकडे आहे. इथे भीती घासण्याची, फाटण्याची आणि गिअरबॉक्समधून टपकणाऱ्या तेलाची. या तिन्हींत सिलिकॉन लेचंपेचं.

मग हवं काय? पाव इंच जाडीची भिंत, आत कापडाचे चार-पाच थर, तार अजिबात नाही. आणि रबर कोणतं ते विचारून घ्यायचं. ईपीडीएम समुद्राच्या पाण्याला छान, पण तेलाने फुगतं. जिथे तेल ठिबकतं तिथे नायट्राइल बरं. नुसतं 'मरीन' असं छापलंय म्हणून भुलायचं नाही. एक्झॉस्टच्या नळीवरही 'मरीन'च छापलेलं असतं. क्लँपलाही चुंबक लावून पाहावा. पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, हा प्रकार सर्रास चालतो.

मला तो तुकडा 35 डॉलरला पडला. बोट पाण्याबाहेर काढायचा खर्च याच्या कितीतरी पट. शाफ्ट गिअरबॉक्सपासून सोडवायला गंजलेल्या बोल्टांशी दीड दिवस झटापट केली, ती वेगळीच. एवढं सगळं करून शेवटी 35 डॉलर वाचवायचे?

आपल्याला जुगाडाचं फार कौतुक. मलाही आहे. माझ्या बोटीवरचं कपाटाचं दार गेली तीन वर्षं सुतळीवर तगून आहे. पण ती सुतळी तुटली तर दार आपटेल, मला कळेल, मी दुसरी बांधीन. जुगाड तिथे करावा जिथे तो फसल्याचं आपल्याला वेळेत कळतं. ही नळी फसते ती रात्री, कोणी बोटीवर नसताना. किंवा त्याहून वाईट म्हणजे किनाऱ्यापासून पाच मैलांवर, बायकापोरं वर गप्पा मारत बसलेली असताना. त्या दिवशी 'नळी ती नळी' म्हणणारा कोणीही आसपास नसतो.

असो. नवी नळी बसली. मित्रानेच आत वाकून क्लँप आवळले, तोंडाने पुटपुटत का होईना. आपल्यापैकी कोणाकडे अशी बोट असेल तर एक करा. बॅटरी घेऊन इंजिनामागे वाका आणि ती नळी बोटाने दाबून बघा. पिकलेल्या पेरूसारखी लागली, किंवा कापलेल्या कडेला तारेचं टोक दिसलं, तर या हंगामात दुसरा कुठलाही खर्च आधी करू नका.